फोटोओळ कोणी लिहायची? : मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे जीवन

चरख्यामागे बसून कागद वाचत असलेले गांधीजी, हे छायाचित्र ज्याने पाहिलेले नाही असा शाळकरी विद्यार्थी विरळाच. ते टिपणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने ते १९४६ साली घेतले. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचीही छायाचित्रे घेतली. पुढच्या वर्षी फाळणीत उद्ध्वस्त झालेल्या माणसांचे काफिले त्यांच्या कॅमेऱ्याने जगापुढे आणले. फाळणीने ज्या गावाला जन्म दिला त्या उल्हासनगरच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस त्यांचे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही.

आम्ही हे चरित्र निवडले त्यामागे आणखी एक विचार आहे. छायाचित्र आणि मजकूर यांची सांगड घालून समाजातील झोंबणारे प्रश्न मांडण्याची जी पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली, तिच्या घडणीत मार्गारेट यांचा वाटा मोठा आहे. आणि त्या पद्धतीतील सर्वांत अवघड प्रश्नही त्यांच्याच कामातून उभा राहिला. चित्र ज्याचे आहे त्याच्याविषयीची ओळ कोणी लिहायची? ज्या समाजाविषयी पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच लिहिले, त्या समाजाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

मार्गारेट यांचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. वडील जोसेफ व्हाइट हे छपाईयंत्रांत सुधारणा करणारे अभियंते व संशोधक होते. आई मिनी बर्क आयरिश वंशाच्या होत्या. वडिलांनी लहानग्या मार्गारेटला एकदा ओतकामाच्या कारखान्यात नेले होते. वितळलेल्या लोखंडाचा तो झगझगीत प्रवाह त्या जन्मभर विसरल्या नाहीत. वडिलांचे मूळ पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातले. परंतु घरात ही गोष्ट झाकून ठेवलेली होती. मार्गारेट यांना ती कळली, पण त्यांनीही ती जगापुढे कधी उघड केली नाही. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव बदलणाऱ्या, जात लपवणाऱ्या माणसांच्या कथा ज्यांनी आपल्या घरांतून ऐकल्या आहेत, त्यांना या मौनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९२२ मध्ये वडील वारले. मार्गारेट यांचे महाविद्यालयीन शिक्षण अनेक ठिकाणी झाले. त्यांचा कल प्रथम प्राणिशास्त्राकडे, विशेषतः सरपटणाऱ्या प्राण्यांकडे होता. मध्यंतरी एक अल्पजीवी विवाहही झाला. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन त्या क्लीव्हलँड शहरात आल्या आणि पोलादाच्या कारखान्यात कॅमेरा घेऊन शिरल्या. भट्टीचा उजेड त्या काळच्या फिल्मवर धड उमटत नसे. त्यांनी मॅग्नेशियमच्या ज्योती पेटवून तो अंधार उजळला. ती छायाचित्रे पाहून प्रकाशक हेन्री ल्यूस यांनी १९२९ मध्ये त्यांना आपल्या नव्या ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी बोलावले. पुढे त्या सोव्हिएत रशियात गेल्या, तेथील कारखाने आणि धरणे टिपून आणली. या काळातील त्यांच्या चित्रांत यंत्र भव्य दिसते आणि माणूस त्या यंत्राची उंची दाखवण्यापुरता उभा असतो. असे आमचे मत आहे. जाणकार वेगळे म्हणू शकतील.

१९३४ च्या दुष्काळाने हे बदलले. अमेरिकेच्या मध्यभागातील शेतजमिनीची माती वाऱ्याबरोबर उडून जात होती. ‘फॉर्च्यून’साठी त्या तेथे गेल्या तेव्हा त्यांच्यासमोर यंत्रे नव्हती, धुळीने भरलेली घरे, मरणारी गुरे आणि हताश चेहरे होते. त्यानंतर त्यांचा कॅमेरा चेहऱ्यांकडे वळला. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी ल्यूस यांच्या ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर मार्गारेट यांनी घेतलेले माँटाना राज्यातील फोर्ट पेक धरणाचे चित्र होते. संपादकांना धरणाची चित्रे हवी होती. त्यांनी धरणाबरोबर तेथील मजुरांच्या वस्त्या, त्यांचे दारूचे गुत्ते, त्यांची मुलेबाळे, असे सारे टिपून पाठवले आणि संपादकांनी तेही छापले.

१९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला महापूर आला. लुईव्हिल शहर पाण्याखाली गेले. तेथे मार्गारेट यांना एक दृश्य दिसले. मदतीसाठी कृष्णवर्णीय पूरग्रस्तांची रांग लागलेली. कोणाच्या हातात टोपली, कोणाच्या हातात बादली. त्यांच्या मागे एक अवाढव्य जाहिरात फलक. फलकावर मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब, सोबत कुत्रा, आणि अमेरिकेचे राहणीमान साऱ्या जगात श्रेष्ठ असल्याची मोठ्या अक्षरांतील ग्वाही. मार्गारेट यांनी त्यात स्वतःचा एक शब्दही घातला नाही. फलकावरची अक्षरे आणि खालची रांग एका चौकटीत आली, एवढेच. वर्णभेदावर त्या काळात जे पोटतिडकीचे लेखन झाले, त्यातील बरेचसे या एका चित्रापुढे फिके वाटते.

परंतु याच चित्राचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. अनेक ठिकाणी ते महामंदीतील बेकारांची भाकरीसाठी लागलेली रांग म्हणून छापले गेले. पूर गळाला, शहर गळाले, आणि रांगेतील सारी माणसे कृष्णवर्णीय का आहेत हा प्रश्नही गळाला. मूळ फोटोओळ हरवली की चित्र पोरके होते आणि जो उचलेल त्याचे होते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्र कसे वाचावे हे शिकवतो तेव्हा हे उदाहरण आवर्जून घेतो. कोठे, केव्हा, कोण, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय चित्राला पुरावा म्हणता येत नाही.

त्याच वर्षी ‘यू हॅव सीन देअर फेसेस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे चेहरे तुम्ही पाहिले आहेत, असा नावाचा अर्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापूस पिकवणारे भूमिहीन कुळवाडी, त्यांत गोरे आणि काळे दोन्ही, जमीनमालकाच्या कर्जात जन्मभर बुडालेले असत. अर्धे पीक मालकाचे, उरलेल्यातून बी-बियाणे आणि किराणा यांची उधारी वळती. सावकारी आणि वेठबिगारी ज्यांच्या आजोबांनी भोगली त्यांना हे अर्थशास्त्र नवीन नाही. जॉर्जिया राज्यात जन्मलेले कादंबरीकार अर्स्किन कॉल्डवेल यांनी मजकूर लिहिला आणि मार्गारेट यांनी छायाचित्रे दिली. १९३६ आणि १९३७ मध्ये दोघे मोटारीने गावोगाव फिरले. कॉल्डवेल दक्षिणेच्या बोलीत माणसांशी गप्पा मारत. मार्गारेट कॅमेरा एका जागी लावून दूर बसत आणि बोलणाऱ्याचा चेहरा हवा तसा झाला की लांबूनच कळ दाबत. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या झोपडीत चित्र अधिक चांगले दिसावे म्हणून त्यांनी तिच्या कपाटावरच्या वस्तू इकडच्या तिकडे केल्या. त्या स्त्रीने आपल्या चार वस्तू किती निगुतीने मांडल्या होत्या, हे कॉल्डवेल यांनी नंतर त्यांच्या लक्षात आणून दिले. मार्गारेट यांनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवला आहे.

पुस्तक गाजले आणि सामान्य वाचकाला परवडेल अशी त्याची स्वस्त आवृत्तीही निघाली. दक्षिणेतील दारिद्र्याविषयी जे वाचक अहवाल वाचत नव्हते त्यांनी ते हाती घेतले, हे त्याचे श्रेय. पण त्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यावरून आजही वाद होतो. प्रत्येक चित्राखाली गावाचे नाव आणि त्या माणसाच्या तोंडचे वाटेल असे एक वाक्य छापलेले आहे. ती वाक्ये त्या माणसांची नव्हतीच. लेखकद्वयाने ती स्वतः रचली होती आणि पुस्तकाच्या आरंभी तसे सांगूनही टाकले होते. कबुली प्रामाणिक होती. तरीही चित्र पाहणारा वाचक आरंभीची टीप लक्षात ठेवत नाही. तो ते वाक्य त्या चेहऱ्याचेच समजतो. ज्याच्याजवळ जमीन नाही, मत नाही, न्यायालयात वजन नाही, त्याच्या तोंडचे शब्दही दुसऱ्याने बसवलेले!

मार्गारेट यांच्या समकालीनांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. डोरोथिया लँग आणि पॉल टेलर यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात माणसांनी प्रत्यक्ष उच्चारलेले शब्दच चित्रांसोबत दिले. वॉकर इव्हान्स आणि जेम्स एजी यांनी १९४१ मध्ये चित्रे पुस्तकाच्या आरंभी एकत्र घातली आणि त्यांखाली काहीच लिहिले नाही. एजी यांनी तर मार्गारेट यांच्यावरील एक वृत्तपत्री लेख परिशिष्टात जसाच्या तसा छापून त्यांची टर उडवली. आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याच वर्षीचे रिचर्ड राइट यांचे पुस्तक. सरकारी छायाचित्रकारांनी टिपलेल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनाला मजकूर दिला तो मिसिसिपीत वाढलेल्या कृष्णवर्णीय लेखकाने, आणि तो लिहिला ‘आम्ही’ म्हणून.

आपल्याकडे ही लढाई छायाचित्रांआधीच सुरू झाली होती. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात अस्पृश्यांना हरिजन हे नाव कायद्याने देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध करून सभात्याग केला. आमच्याखालची ओळ तुम्ही लिहू नका, हाच त्या सभात्यागाचा अर्थ होता असे आम्ही समजतो.

मार्गारेट आणि कॉल्डवेल यांनी १९३९ मध्ये विवाह केला. तो १९४२ पर्यंत टिकला. युद्धकाळातील त्यांच्या धाडसाची हकिगत स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मॉस्कोवर जर्मन बाँब पडत असताना त्या तेथे होत्या, उत्तर आफ्रिकेकडे जाणारे त्यांचे जहाज पाणतीराने बुडाले, बाँबफेकी विमानातूनही त्यांनी चित्रे घेतली. एप्रिल १९४५ मध्ये जनरल पॅटन यांच्या सैन्यामागोमाग त्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत पोहोचल्या. हाडांचे सापळे झालेले जिवंत कैदी त्यांनी टिपले. जवळच्या वायमार शहरातील नागरिकांना सक्तीने तेथे आणून ते दृश्य दाखवण्यात आले, तेव्हा मान फिरवणारे, डोळे झाकणारे ते चेहरेही त्यांनी टिपले. समोरच्या दृश्याची भीषणता सोसावी म्हणून कॅमेऱ्याचा पडदा मध्ये धरला होता, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले. ज्यू पित्याची ही कन्या तेथेही स्वतःविषयी काही बोलली नाही.

भारतात त्या ‘लाइफ’च्या वतीने आल्या. गांधीजींचे चित्र घेण्यापूर्वी त्यांना सूत कातायला शिकावे लागले आणि दिव्याचे तीनच झोत वापरण्याची परवानगी मिळाली. त्यांतील दोन वाया गेले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. कमी सांगितले जाते ते दक्षिण भारतातील दुष्काळाचे काम. त्या प्रवासात मुंबईत राहणारे कम्युनिस्ट पक्षाचे छायाचित्रकार सुनील जाना त्यांच्याबरोबर होते. जाना यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्रे पक्षाच्या पत्रासाठी टिपली होती. मद्रासकडील कातडी कमावण्याच्या कारखान्यांत राबणारी मुलेही मार्गारेट यांनी टिपली. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्याच्या कत्तलीनंतर रस्त्यांवर पडलेली प्रेते आणि त्यांवर बसलेली गिधाडे त्यांच्या चित्रांत आहेत. ती चित्रे आम्ही लहान विद्यार्थ्यांना दाखवत नाही.

१९४७ च्या शरद ऋतूत त्या पंजाबात होत्या. बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर बसवलेले वृद्ध आईबाप, वाटेत मेलेली माणसे आणि गुरे. ‘लाइफ’ने नोव्हेंबरच्या आरंभी हे महास्थलांतर पानेच्या पाने छापले. जगाने फाळणी पाहिली ती मुख्यतः या चित्रांतून, आणि २००६ साली खुशवंत सिंग यांची ‘ट्रेन टू पाकिस्तान’ ही कादंबरी याच चित्रांसह पुन्हा प्रसिद्ध झाली. मात्र त्यांच्यासोबत असलेल्या ‘लाइफ’च्या बातमीदार ली आयटिंगन यांनी नंतर जे सांगितले ते अस्वस्थ करणारे आहे. चित्र मनासारखे यावे म्हणून मार्गारेट थकलेल्या, मरणाच्या दारात असलेल्या निर्वासितांना पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत यायला लावीत, आणि ती माणसे भयाने नाही म्हणू शकत नसत. चित्रांचे महत्त्व यामुळे कमी होते काय? इतिहासाचे साधन म्हणून होत नाही. पण ते चित्र मिळवण्याची किंमत कोणी मोजली हे त्या चित्राच्या ओळीत यायला हवे होते, असे आम्हांला वाटते.

आणखी एक उणीव ओळींतच राहिली. त्या काळच्या बातमीदारीत माणसांची वर्गवारी हिंदू, मुसलमान आणि शीख अशी होती. काफिल्यांत आणि छावण्यांत अस्पृश्यही होते. पाकिस्तानात अडकवून ठेवलेल्या सफाई कामगारांसह अनुसूचित जातींच्या माणसांची सुटका व्हावी, छावण्यांत त्यांना समान मदत मिळावी, म्हणून बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहिले. ज्यांना तीन रकान्यांत जागा नव्हती त्यांच्यासाठी चौथा रकाना मागणारे ते पत्र होते.

मार्गारेट यांनी टिपलेला काफिला पंजाबचा. आपल्याकडे आले ते प्रामुख्याने सिंधी निर्वासित. त्यांतील पुष्कळ जण कराचीहून बोटीने मुंबईस उतरले आणि कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना जागा मिळाली. सुमारे एक लाख माणसे तेथे वसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. वस्त्यांचे आकडे मात्र गेले नाहीत. पत्त्यात आजही उल्हासनगर-४, उल्हासनगर-५ असेच लिहितात. बैलगाड्यांच्या रांगेसारखे या समुद्रमार्गे झालेल्या स्थलांतराचे एकही चित्र जगाच्या स्मरणात राहिलेले नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत पुढे या निर्वासितांची मुले आणि घाटावरून, मराठवाड्यातून आलेल्या आपल्या लोकांची मुले एकाच लोकलने कामाला जाऊ लागली. त्या पिढीची छायाचित्रे असतील तर ती घरोघरच्या पेट्यांत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी ती काढावीत आणि वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर मागच्या बाजूस नाव, गाव, साल लिहून घ्यावे, ही आमची विनंती.

३० जानेवारी १९४८ रोजी मार्गारेट गांधीजींची मुलाखत घेऊन परतल्या आणि काही तासांतच त्यांच्या हत्येची वार्ता आली. अमेरिकेत परतल्यावर १९४९ मध्ये त्यांनी ‘हाफवे टू फ्रीडम’ हे नव्या भारताचा वृत्तांत देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘लाइफ’ची पाने न्यूयॉर्कमधील संपादक लिहीत आणि बेतत. या पुस्तकात मजकूर आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असल्याने फाळणीबरोबर सावकारी, संस्थानिक आणि अस्पृश्यता यांनाही जागा मिळाली. स्वातंत्र्य अर्ध्या वाटेवर आहे असे सांगणारे ते नाव आम्हांला अर्थपूर्ण वाटते. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतील विसंगतीविषयी जो इशारा दिला तो सर्वांस परिचित आहे.

त्यानंतर त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या. जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत सुमारे दोन मैल खोल उतरून त्यांनी दोन कृष्णवर्णीय खाणकामगारांचे चित्र घेतले. उष्म्याने त्यांना स्वतःला तेथे भोवळ येऊ लागली होती. उघडे अंग, घामाच्या धारा, डोळ्यांत थकवा. खाणीच्या व्यवहारात त्या दोघांना नाव नव्हते; क्रमांक होते, ११३९ आणि ५१२२. चित्र त्या क्रमांकांनिशी प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांपूर्वी कॉल्डवेल यांच्यासह त्यांनी गरिबांच्या तोंडी वाक्ये घातली होती. येथे केवळ दोन आकडे आहेत, आणि वर्णभेदाच्या राज्याने माणसाचे काय केले ते त्या आकड्यांतून कळते. आमच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वश्रेष्ठ काम होय, चरख्याच्या चित्राहूनही.

१९५२ मध्ये कोरियातील युद्धाचे काम केल्यानंतर त्यांच्या हातापायांत कंप आणि ताठरपणा जाणवू लागला. तो कंपवात होता. ज्या बोटांनी कळ दाबायची तीच वळेनाशी झाली. १९५९ आणि १९६१ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या. आजार लपवण्याच्या त्या काळात त्यांनी आपले सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टेट यांना आपली चित्रे घेऊ दिली. रोज चालण्याचा, चेंडू झेलण्याचा, कागद चुरगाळून बोटे सोडवण्याचा सराव करणाऱ्या मार्गारेट ‘लाइफ’च्या वाचकांनी पाहिल्या. १९६३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात या आजाराची हकिगत त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितली. २७ ऑगस्ट १९७१ रोजी कनेक्टिकट राज्यात त्यांचे निधन झाले. त्यांची पत्रे, कागदपत्रे आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात जतन केलेला आहे.